समुद्रावरचे वीजघर

नाणे मावळातल्या वडिवळ्याला पावसाळ्यात वीज जाणे नवे नाही. घाटमाथ्यावरून वारा सुटतो, एखादी फांदी तारेवर पडते आणि गाव अंधारात जाते. मग फोनाफोनी होते, वायरमन भर पावसात खांबावर चढतो आणि तासा-दोन तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, घरात पुन्हा उजेड पडतो. मुलांचा अभ्यास बुडतो, पिठाची गिरणी बंद राहते, मोबाइलची बॅटरी संपते. हाल होतात, पण गाव जागचे हलत नाही.

जहाज हलत असते. बंदराच्या अरुंद वाटेत वीज गेली की सुकाणू फिरवणारे पंप थांबतात. मुख्य इंजिनाला वंगण आणि थंड पाणी पुरवणारे पंप थांबतात, आणि त्यांच्या मागोमाग इंजिनही बंद पडते. लाखभर टन वजन मग आपल्याच वेगाच्या ओढीने पुढे जात राहते. त्याला वळवणे किंवा आवरणे कोणाच्या हातात राहत नाही. तिथे बाहेरून तार ओढता येत नाही, वायरमनला बोलावता येत नाही. लागेल ती वीज जहाजाने आपल्या पोटातच तयार करायची असते. आजही जगातली बहुतेक जहाजे ती डिझेल जनरेटरवर तयार करतात.

समुद्राचा हा विषय मावळातून सांगायला कारण आहे. लोणावळ्याहून भुशी धरणाकडे जाणारा पर्यटक ज्या कुंपणाच्या कडेने जातो, त्याच्या आत ‘आयएनएस शिवाजी’ आहे. भारतीय नौदलाला इंजिनांचे शिक्षण देणारी ही मोठी संस्था समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर वसली आहे. त्याच परिसरात उगम पावणारी इंद्रायणी कामशेतच्या बाजूने खाली उतरते, वडिवळे धरणातून सुटलेले पाणी तिला येऊन मिळते, आणि पुढे तळेगावजवळ इंदुरीला ती पोचते. तिथे तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट आहे. व्यापारी जहाजांवर जाणारे मरीन इंजिनिअर १९९८ पासून तिथे घडत आहेत. एका नदीच्या काठाने, एकाच तालुक्यात, लढाऊ जहाजांचे आणि मालवाहू जहाजांचे इंजिनवाले तयार होतात. वडिवळे या दोहोंच्या मधे आहे.

पाण्याची वीज, तेलाची वीज

मावळाला वीजनिर्मिती नवी नाही. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे तळी बांधली, पावसाचे पाणी अडवले, नळांतून घाटाखाली सोडले, आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे १९२२ मध्ये ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. त्या मुळशीसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचा सत्याग्रह सेनापती बापटांनी लढवला. विजेची किंमत कोणीतरी मोजत असते, हे या डोंगरांना शंभर वर्षांपूर्वीच कळले आहे.

याच डोंगरात १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ‘एचएमआयएस शिवाजी’ची स्थापना झाली. दुसरे महायुद्ध संपत आले होते आणि वाढत्या नौदलाला इंजिनावरची माणसे हवी होती. स्वातंत्र्यानंतर नाव ‘आयएनएस शिवाजी’ झाले. काम तेच राहिले आणि वाढत गेले. इंजिनांबरोबरच आग लागलेल्या, पाणी शिरलेल्या किंवा अणु-जैव-रासायनिक हल्ला झालेल्या जहाजाला कसे वाचवायचे, हे शिकवणारी शाळाही इथेच आहे. १३ फेब्रुवारी २०२० रोजी राष्ट्रपतींनी या संस्थेला मानाचा ‘प्रेसिडेंट्स कलर’ हा ध्वज दिला.

नौदलातली एक वाटणी सामान्य वाचकाला ठाऊक नसते. जनरेटर म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली दोन यंत्रे: एका बाजूला फिरवणारे डिझेल इंजिन, दुसऱ्या बाजूला फिरून वीज देणारा अल्टरनेटर. नौदलात इंजिनाचे शिक्षण लोणावळ्याला मिळते आणि विजेच्या बाजूचे जामनगरच्या ‘आयएनएस वालसुरा’ या संस्थेत. सह्याद्रीत शिकलेला आणि सौराष्ट्रात शिकलेला असे दोघे जहाजावर एकाच यंत्राच्या दोन टोकांना उभे राहतात.

वाफेकडून डिझेलकडे

जहाजावर विजेचे बल्ब आले १८८० साली, ‘कोलंबिया’ या अमेरिकी जहाजावर. एडिसनच्या दिव्यांचा तो पहिल्या मोठ्या वापरांपैकी एक होता. तेव्हा वीज म्हणजे केवळ उजेड होता. सुकाणू, पंप, नांगर ओढणारी यंत्रे वाफेवर चालत. १९१२ मध्ये बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर ४०० किलोवॅटचे चार जनित्रसंच होते, तेही वाफेवरचे. हिमनगाशी झालेल्या टकरीनंतर तिथल्या इंजिनिअरांनी शेवटच्या काही मिनिटांपर्यंत दिवे चालू ठेवले. त्यामुळे होड्या उतरवता आल्या आणि बिनतारी संदेश जात राहिले. त्या इंजिनिअरांपैकी एकही परतला नाही.

त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये बांधलेले ‘सेलांदिया’ हे डिझेलवर चालणारे मालवाहू जहाज बँकॉकच्या सफरीवर निघाले आणि वाफेच्या अस्ताची सुरुवात झाली. डिझेल इंजिनाला बॉयलर तापायची वाट पाहावी लागत नाही. दाबलेली हवा सोडली की ते काही सेकंदांत फिरू लागते, आणि त्याच वजनाच्या इंधनातून वाफेपेक्षा जास्त काम काढते. विजेच्या कामासाठी हा गुण फार मोलाचा आहे, कारण जहाजाची गरज क्षणाक्षणाला बदलते. नांगर उचलायचा असेल, क्रेन चालवायची असेल, शेकडो शीतकंटेनर एकदम जोडायचे असतील, तर जास्तीची वीज ताबडतोब हवी असते.

‘टायटॅनिक’च्या दुर्घटनेतूनच १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. ‘सोलास’ या नावाने ओळखला जाणारा त्याचा १९७४ चा अवतार सुधारणांसह आजही लागू आहे. जहाजावर वीज कशी असावी, याचे नियम त्यात आहेत. मुख्य जनरेटर किमान दोन हवेत, आणि त्यातला एक बंद पडला तरी उरलेल्यावर जहाज नीट चालले पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक मालवाहू जहाजांवर तीन आणि मोठ्या कंटेनर जहाजांवर चार जनरेटर असतात. खुल्या समुद्रात अनेकदा एकच चालतो. बंदरात शिरताना किंवा अरुंद खाडीतून जाताना दुसरा जोडीला लावतात.

ठेका जुळवणे

आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. जगातल्या बहुतेक व्यापारी जहाजांवर ती ६० आवर्तनांची आणि ४४० व्होल्टची असते. फार मोठ्या जहाजांवर ६६०० व्होल्ट. ६० आवर्तने मिळवायला आठ चुंबकीय ध्रुवांचा अल्टरनेटर मिनिटाला ९०० फेऱ्यांनी फिरवावा लागतो आणि दहा ध्रुवांचा ७२० फेऱ्यांनी. भार वाढो की घटो, या फेऱ्या ढळू द्यायच्या नाहीत. वेग कमी होताना दिसला की गव्हर्नर हे वेग राखणारे यंत्र इंजिनात जास्त इंधन सोडते, वाढला तर हात आखडते. विजेचा दाब राखण्याचे काम दुसरे स्वयंचलित यंत्र करते.

खरे कौशल्य दोन जनरेटर एकत्र जोडताना लागते. दिंडीत मधेच सामील होणारा टाळकरी आधी चालता ठेका कानात भरून घेतो आणि नेमक्या मात्रेवर टाळ लावतो. दुसऱ्या जनरेटरलाही असेच आत यावे लागते. त्याचे व्होल्ट चालू असलेल्या विजेइतके आणतात. त्याचा वेग केसभर जास्त ठेवतात, म्हणजे जोडल्याबरोबर तो भार उचलतो. मग दोन्हींचा मेळ दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरू लागतो, आणि तो बाराच्या खुणेवर पोचण्याच्या किंचित आधी ब्रेकर, म्हणजे जोडणारा स्विच, लावतात. नवा इंजिनिअर हे शिकतो तेव्हा जुनी माणसे त्याच्या शेजारी उभी असतात. चुकीच्या क्षणी ब्रेकर लागला तर प्रचंड प्रवाह उसळतो आणि अल्टरनेटरपासून इंजिनाच्या क्रँकशाफ्टपर्यंत सगळे हादरते. आज हे काम बहुतेक ठिकाणी संगणक करतो. तरी हाताने करता आले पाहिजे, कारण संगणकालाही वीजच लागते.

जोडून झाल्यावर दोघांनी भार सारखा वाहायचा असतो. एकाच्या इंजिनात बिघाड झाला तर दुसऱ्याची वीज उलटी शिरून त्यालाच मोटरसारखी फिरवू लागते. ते ओळखून त्याला बाजूला काढणारा रिले असतो. भार झेपेनासा झाला तर वातानुकूलन, स्वयंपाकघर अशा कमी महत्त्वाच्या गोष्टी आपोआप तोडल्या जातात आणि सुकाणू वाचवले जाते.

आणखी एक फरक जमिनीवरच्या वायरमनला चकित करतो. आपल्याकडे तार जमिनीला टेकली की फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो, आणि तेच बरोबर आहे. जहाजावर बहुधा वीजव्यवस्थेचे कुठलेच टोक लोखंडी सांगाड्याला जोडलेले नसते. त्यामुळे एखादी तार सांगाड्याला लागली तरी पुरवठा तुटत नाही; फक्त इशारा मिळतो. वादळात एका ओल्या जोडामुळे सुकाणूची मोटर बंद पडू नये, म्हणून ही योजना आहे. मात्र इशारा मिळाल्यावर तो दोष शोधून काढणे भाग असते. दुसरी तार लागली की मग वाचवायला काही उरत नाही.

तीन साब आणि बत्ती साब

भारतीय माणसांच्या जहाजांवर हुद्द्यांची एक वेगळीच भाषा चालते. चीफ इंजिनिअर तो ‘बडा साब’, थर्ड इंजिनिअर तो ‘तीन साब’, आणि विजेचा अधिकारी तो ‘बत्ती साब’. वाफेच्या काळातले ‘आगवाला’ आणि ‘तेलवाला’ हे शब्दही याच घराण्यातले. जनरेटरची देखभाल बहुतेक ठिकाणी तीन साबकडे असते. २०१० मध्ये मनिला इथे खलाशी-प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दुरुस्त्या झाल्या आणि बत्ती साबच्या पदाला प्रमाणपत्राचा स्वतंत्र दर्जा मिळाला.

या माणसांचे काम डोळ्यांत भरणारे नाही. इंजिनरूममध्ये पारा चाळिशीपार असतो, आवाजामुळे कानांवर टोप्या लावाव्या लागतात आणि बोलणे खुणांनी होते. इंजिन सुरू करण्यापूर्वी आत वंगण फिरवायचे. सिलिंडरचे कॉक उघडून इंजिन नुसते फिरवून बघायचे, कारण आत पाणी गळलेले असेल तर ते आधीच बाहेर दिसते. मग सुमारे ३० बार दाबाची हवा सोडून इंजिन चालू करायचे. चालू झाल्यावर प्रत्येक सिलिंडरच्या धुराचे तापमान वाचायचे. एक आकडा बाकीच्यांपासून फटकून असेल तर तिथला इंजेक्टर किंवा झडप दुखावली आहे हे समजायचे. वंगणाची पातळी काठी बुडवून पाहायची आणि वहीत लिहायची.

इंधनही सरळ नसते. जहाजाचे जड तेल थंडीत डांबराच्या वळणावर जाते. ते तापवून, फिरत्या शुद्धिकारकातून पाणी आणि गाळ काढून, पुन्हा शंभर अंशांच्या बरेच वर तापवून इंजिनात सोडावे लागते. १ जानेवारी २०२० पासून जगभर इंधनातल्या गंधकाची मर्यादा ०.५० टक्क्यांवर आली. काही किनाऱ्यांजवळ ती ०.१० टक्के आहे. त्यामुळे प्रवासातच एका तेलावरून दुसऱ्यावर जावे लागते. तापमान आणि घट्टपणा नीट सांभाळला नाही तर पंप अडकतात आणि जनरेटर पडतो.

सगळेच जनरेटर पडले तर शेवटचा आधार म्हणजे आणीबाणीचा जनरेटर. तो मुद्दाम इंजिनरूमपासून दूर, वरच्या डेकच्या वर ठेवलेला असतो, म्हणजे खाली आग लागली किंवा पाणी भरले तरी तो वाचतो. त्याची टाकी वेगळी, वीजफलक वेगळा, आणि तो चालू करण्याच्या तऱ्हाही दोन. नियम सांगतो की मुख्य वीज गेल्यापासून ४५ सेकंदांत त्याने आपोआप चालू होऊन भार घ्यावा, आणि मालवाहू जहाजावर १८ तास, प्रवासी जहाजावर ३६ तास पुरावे. तो दर आठवड्याला चालवून बघतात, कारण न चालवलेले यंत्र ऐन वेळी दगा देते.

दोन अपघात

एवढी तरतूद असताना जहाजे अंधारात जातात कशी? अलीकडचे दोन अपघात याचे उत्तर देतात.

२३ मार्च २०१९. ‘वायकिंग स्काय’ हे प्रवासी जहाज १३७३ माणसे घेऊन नॉर्वेच्या हुस्टाडविका या खडकाळ किनाऱ्याजवळून वादळात चालले होते. चार जनरेटरांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होता, तीन चालू होते. त्यांच्या तळातल्या टाक्यांत वंगणतेलाची पातळी हवी त्यापेक्षा कमी होती. शांत समुद्रात ते खपून गेले असते. जहाज जोराने डोलू लागले तसे तेल एका बाजूला सरकले, पंपाच्या तोंडाशी हवा आली, दाब घसरला आणि तिन्ही इंजिने थोड्या अंतराने बंद पडली. जहाज पुढे ढकलणारे पंखेही त्याच विजेवर चालणारे, म्हणून जहाज खडकांकडे वाहत गेले. नांगर टाकून आणि तेल भरून एक इंजिन पुन्हा चालू झाले तेव्हा खडक अगदी जवळ आले होते. ४७९ प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. सुदैवाने जीव कोणाचा गेला नाही.

२६ मार्च २०२४. ‘डाली’ हे सुमारे तीनशे मीटर लांबीचे कंटेनर जहाज बाल्टिमोरहून कोलंबोकडे निघाले होते. खलाशी बहुतांश भारतीय होते. फ्रान्सिस स्कॉट की पूल समोर असताना एका ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर पडला आणि ४४० व्होल्टची वीज गेली. खलाशांनी ती झटपट परत आणली, पण लगेच दुसरा धक्का बसला. चालू जनरेटरांना इंधन देण्यासाठी मुळात वेगळ्या कामासाठी असलेला पंप वापरात होता. वीज गेल्यावर तो आपोआप पुन्हा सुरू होणारा नव्हता, म्हणून इंधनाचा दाब पडला आणि जनरेटर थांबले. जहाज पुलाच्या खांबावर आदळले, पूल कोसळला, आणि पुलावर काम करणारे सहा मजूर मेले. जहाजावरून वेळीच गेलेल्या संकटसंदेशामुळे पुलावरची वाहने अडवता आली, नाहीतर आकडा मोठा असता. अमेरिकी तपासयंत्रणेने २०२५ मध्ये निष्कर्ष दिला की ब्रेकर पडण्याच्या मुळाशी एक सैल तार होती. तारेवर नाव-क्रमांकासाठी चढवलेली पट्टी चुकीच्या जागी सरकल्याने ती तार जोडात पूर्ण बसलीच नव्हती.

दोन्ही जहाजांवर जनरेटर कमी नव्हते. एका ठिकाणी तेलाची पातळी, दुसऱ्या ठिकाणी एक तार आणि एक पंप, एवढ्यावरून तीन किंवा चार यंत्रांची सगळी तरतूद निरुपयोगी ठरली. जोडीला ठेवलेले यंत्र आपल्याला वेळ मिळवून देते. तो वेळ खरोखर मिळेल की नाही, हे आधीच्या शांत दिवसांत कोणी काठी बुडवून पाहिली, कोणी तार ओढून पाहिली, यावर ठरते. लोणावळ्याला किंवा इंदुरीला शिकणाऱ्या पोराला इंजिनाचे सिद्धान्त पुस्तकातूनही कळतील. रोजच्या कंटाळवाण्या तपासणीत कसूर न करण्याची सवय मात्र हाताखाली यंत्र असल्याशिवाय आणि पाठीशी कडक शिक्षक असल्याशिवाय लागत नाही.

इंजिन आपले हवे

लढाऊ जहाजांवर हीच गरज कितीतरी पटींनी वाढते. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावर तीन मेगावॅटचे आठ डिझेल जनरेटर आहेत, म्हणजे २४ मेगावॅट. खोपोलीचे वीजघर ७२ मेगावॅटचे. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वीज हे एक जहाज समुद्रात स्वतः करते. माझगाव गोदीत बांधलेल्या आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झालेल्या ‘कलवरी’ पाणबुडीत जनरेटरांचे काम आणखी नाजूक आहे. पाण्याखाली डिझेलला हवा मिळत नाही, म्हणून पाणबुडी अधूनमधून पृष्ठभागाजवळ येते, श्वासनळी वर काढते आणि जनरेटर चालवून बॅटऱ्या भरून घेते. तेवढा वेळ ती शत्रूच्या नजरेत येऊ शकते. तिथे जनरेटर किती लवकर आणि किती शांतपणे काम उरकतो, यावर सगळ्यांचा जीव असतो.

ही इंजिने कोणाची, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. पुण्यात शंतनुराव किर्लोस्करांनी १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना केली, आणि शेताच्या पाण्यासाठी त्यांचे डिझेल इंजिन महाराष्ट्रभर धडधडले. १९६२ मध्ये कोथरूडला कमिन्स ही इंजिन कंपनी आली. पुढे किर्लोस्करांनी फ्रेंच पिएलस्टिक इंजिने परवान्याने बांधली. नौदलाच्या ‘कामोर्ता’ वर्गातल्या पाणबुडीविरोधी जहाजांना तीच चालवतात. पण आराखडा परक्याचा होता. २ एप्रिल २०२५ रोजी नौदलाने किर्लोस्कर ऑइल इंजिन्सशी सहा मेगावॅटच्या सागरी डिझेल इंजिनाचा आराखडा करून ते विकसित करण्याचा करार केला. खर्च २७० कोटी रुपये, त्यातले ७० टक्के सरकारचे. पहिल्या नमुन्यात निम्म्याहून अधिक भाग देशी असावेत अशी अट आहे, आणि तीन ते दहा मेगावॅटच्या इंजिनांचे तपशीलवार आराखडेही त्यात आहेत. हे इंजिन जहाज चालवण्यासाठी आणि जहाजावर वीज करण्यासाठी, अशा दोन्ही कामांना हवे आहे. संकटाच्या वेळी सुट्या भागांसाठी दुसऱ्या देशाच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये, म्हणून हा खर्च सार्थ आहे.

डिझेलची किंमतही विसरता येत नाही. बंदराला लागलेले जहाज जनरेटर चालू ठेवते आणि धूर शेजारच्या वस्तीवर जातो. किनाऱ्यावरून तार जोडून जनरेटर बंद ठेवणे हा उपाय जगात काही बंदरांत रुळला आहे. आपल्याकडे त्यात एक तांत्रिक अडचण आहे: किनाऱ्याची वीज ५० आवर्तनांची, जहाजाची ६० ची. मधे मोठे रूपांतरक बसवावे लागतात. न्हावाशेवा आणि मुंबईला हा खर्च एक दिवस करावाच लागेल, आणि तो लवकर व्हावा.

तेल बदलेल, इंजिने बदलतील, बॅटऱ्या मोठ्या होतील. समुद्रावर बाहेरून वीज मिळत नाही, ही गोष्ट मात्र बदलणार नाही, आणि तिथली वीज राखणारी माणसेही लागतीलच. ती घडवणाऱ्या दोन संस्था आपल्या तालुक्यात असताना मावळच्या मुलांना त्यांची ओळख कुंपणाबाहेरून होऊ नये. वडिवळे, कामशेत, तळेगावच्या शाळांची आणि औद्योगिक प्रशिक्षण केंद्रांची मुले वर्षातून एकदा तरी तिथले चालते इंजिन जवळून पाहू शकली पाहिजेत. जहाजाचा जनरेटर आणि गावच्या दवाखान्याचा जनरेटर एकाच शास्त्राने चालतात. ते शास्त्र मनापासून शिकलेला मुलगा किंवा मुलगी समुद्रावर गेली तरी उपयोगाची, आणि गावात राहिली तरी. टाटांच्या तळ्यांनी मावळाचे पाणी मुंबईला दिले. या संस्था मावळाचे कौशल्य जगाला देत आहेत. त्यातला वाटा इथल्या घरांतही यावा, ही मागणी आपण स्पष्ट शब्दांत करायला हवी.